तोफेच्या जागी बाकडी

बाबा, सकाळपासून तुमचं बेसमेंट आवरतेय म्हणायचं, पण दर पाच मिनिटांनी उगाच वर-खाली करतेय. आई कॉन्डोच्या फ्लॅटमध्ये राहायला चाललीय, उद्या घराच्या किल्ल्या द्यायच्या, आणि तुमची मॉडेल गनबोट अजून वर्कबेंचवर कापडाखाली. तिचं काय करायचं ते सुचत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. तेव्हाही मी खाली उतरले नव्हते.

हॅमिल्टनच्या स्टीलच्या कारखान्यातल्या नॉर्वेजियन मित्राने तुम्हाला खऱ्या बोटीची ड्रॉइंग्ज दिली होती, त्याचे पणजोबा तिच्यावर खलाशी होते म्हणून. नॉर्वेजियन आरमारातली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची; बोट एवढीशी आणि नाकावर ही थोरली तोफ. लहानपणी मी मॉडेलची तोफ टाचणीवर फिरती केली, तर केवढे ओरडलात! "अगं, ही तोफ वळत नाही. नेम धरायचा तर अख्खी बोट वळवायची." मग मोठी झाल्यावर मी इंजिनिअरिंग सोडून लांब एडमंटनला निघते. तुम्ही इथेच, या स्टुलावर. "जा," म्हणता आणि भिंतीकडे तोंड फिरवता. मी म्हणते, "तुमचंही तसंच, वळायचं नाव नाही." तुम्ही हात धुवायला गेल्यावर मी तोफ उपटून पर्समध्ये टाकली. तुम्हाला झोंबावं म्हणूनच टाकली. नंतर फोनवर आपण फक्त स्नो किती पडला ते बोललो.

आज कापड काढलं. तोफेच्या जागी इवलीइवली बाकडी, भोवती कठडा. मी जिन्यातूनच आईला हाक मारून बाकड्यांचं विचारलं.

"अगं, खऱ्या बोटीचं तसंच झालं ना," आई म्हणाली. "तोफ काढून पाणसुरुंग टाकायला लावलं, मग युद्धात जर्मनांनी नेली, आणि शेवटी फेरीबोट झाली. म्हातारपणी माणसं नेली-आणली तिने. मॉडेलची तोफ हरवली तेव्हा मी म्हटलं शोधूया, तर हे म्हणाले, 'गेली ती. कधी आलीच तर बसायला जागा हवी,' आणि बाकडी करायला घेतली."

तोफेला बसायला बाकडं कशाला लागतं, बाबा?

बोट मी नेतेय. हे पत्र ड्रॉइंग्जच्या गुंडाळीत सरकवते, दुसरीकडे कुठे टाकणार! तोफ आज जागेवर लावायची म्हणून आणली होती. ती पर्समध्येच आहे, आणि आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.