हात मागे

बाई,

काल तुमचे मिस्टर गेले. माझ्या खानावळीत जेवायला येणारा एक कामगार तुमच्या नाते या गावचा आहे, त्यानं पाटावर बसता बसता सांगितलं. "म्हातारा गेला गो ताई. झोपेतच. लय पुण्यवान माणूस. बायको अंथरुणावर होती तेव्हा किती केलं त्यानं तिचं!" मी त्याच्या ताटात आमटी वाढत होते. पुण्यवान हा शब्द कानावर पडला आणि पळी अशी काही आदळली की गरम आमटी त्याच्या मांडीवर सांडली. तो ओरडला. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही म्हातारा होत नाही, बाई. उलट त्याला आता नवे दात फुटलेत, आणि ज्याला चावायचं तोच मेला.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आणि वाडीच्या टोकाला एका खोलीची शाळा. तुम्ही खालच्या एसटीच्या थांब्यापासून चढण चढून यायचात, पावसाळ्यात ती लांब दांड्याची काळी छत्री घेऊन. तुमच्या आधीचे गुरुजी पोरांना निरगुडीच्या फोकानं सोलून काढायचे. तुम्ही एकालाही बोट लावलं नाहीत. दोन पोरं एकमेकांच्या उरावर बसली की तुम्ही नुसत्या म्हणायचात, "हात मागे." मग दोघांनी पाठीमागे एका हातानं दुसरं मनगट धरून उभं राहायचं, राग उतरेपर्यंत. आमच्या अख्ख्या वर्गाला तीच सवय लागली. राग आला की हात मागे. आणि वाचायला उठवलंत की दुसरं वाक्य ठरलेलं, "मोठ्यानं. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे." मला वाटायचं, जगात शहाणं व्हायला एवढं पुरेल.

गौरी-गणपतीच्या दिवसांत आईनं तुमच्यासाठी तवसं दिलं होतं, परसातली सगळ्यात मोठी काकडी. "जा, बाईंना देऊन ये. नि तितं बसू नको गो गप्पा मारीत." मी ते पोटाशी धरून पोलादपूरला तुमच्या भाड्याच्या खोलीपर्यंत आले. दार अर्धं उघडं. आत तुम्ही उभ्या आहात, हात मागे. तेच, एका हातानं दुसरं मनगट धरलेलं. आणि तुमचे मिस्टर तुमच्याच छत्रीच्या दांड्यानं तुम्हाला मारतायत, पाठीवर, खांद्यावर, मानेवर. ओरडत नाहीत, शिव्या देत नाहीत, गादी झोडपावी तसं काम करतायत. तुमच्या तोंडातून एक आवाज नाही. तुमची नजर माझ्यावर पडली आणि तुम्ही नुसत्या डोळ्यांनी सांगितलंत, जा. तवसं माझ्या हातातून पायरीवर पडून फुटलं. मी वाडीपर्यंत पळत गेले आणि आईला सांगितलं की बाईंना आवडलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन आलात, भात लावणाऱ्या बायकांसारखी. पोरं फिदीफिदी हसली. "छत्री मोडली," तुम्ही म्हणालात आणि फळ्याकडे वळलात. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात त्या दिवशी तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, कारण हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे वर्गात फक्त मला कळत होतं.

ती शिकवण मी सासरी घेऊन गेले. माझा नवरा आधी मुंबईला होता, मग इथल्या कंपनीत लागला आणि आम्ही बिरवाडीला खोली घेतली. तो प्यायला की मारायचा, नाही प्यायला तरी मारायचा. आणि मी काय करायची? हात मागे. तुमची हुशार विद्यार्थिनी! भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि मनात म्हणायची, बाई राहिल्या तशी मी राहीन. एकदा त्यानं माझं डोकं चौकटीवर आपटलं, तेव्हापासून डावा कान गेला. त्या बाजूनं कोणी काही बोललं तर मला अजून नुसती घूं ऐकू येते. शेवटी एका संध्याकाळी मी भजी तळत असताना तो अंगावर आला आणि माझा हात मागे गेलाच नाही. तेल गळणारा झारा घेऊन पुढे आला. त्याच्या मनगटाची कातडी सोलून निघाली. तो मुंबईला भावाकडे गेला तो परत फिरकला नाही, आणि मी त्याच स्टोव्हवर खानावळ सुरू केली.

तुम्ही आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी नाते गावी तुमच्या घरी भेटायला नाही, भांडायला आले होते. खरं सांगते. पोटातला आजार हाताबाहेर गेला म्हणून महाडच्या डॉक्टरांनी तुम्हाला घरी पाठवलं होतं. साखरेनं डोळे तर आधीच गेलेले, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. अंथरुणात तुम्ही एवढ्याशा झाला होतात. मी पेजेचा डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "बाई, तुमच्यामुळं माझा कान गेला." तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं सांग. सगळं." मी सगळं सांगितलं, अगदी मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं. तुमचे मिस्टर बाहेर ओटीवर बसले होते, त्यांनाही गेलं असेल. तुम्ही माझ्या आवाजाकडे तोंड फिरवलंत. मग म्हणालात, "ती शिकवण नव्हती गं. ती माझी भीती होती. घरी जे करायची तेच शाळेत शिकवलं. दुसरं मला येत कुठं होतं?"

त्यावर मी काय भांडणार? मी रोज दुपारी पेज घेऊन येऊ लागले. तुम्ही थोडं थोडं बोलायचात. वेदना होत असतील तर दुखतंय म्हणून ओरडायचं, हे तुम्ही त्या वयात नव्यानं शिकत होतात आणि मला शिकवत होतात. ओरडायचातसुद्धा, चांगल्या खणखणीत. शेजारच्या बायका दारात यायच्या तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणायचे, "काय करू, सहन होत नाही तिला." त्यांचा तो गरीब चेहरा बघून मी डब्याचं झाकण आपटून लावायची.

मग ती दुपार. मी चादर बदलली, पेज भरवली आणि तुम्हाला सगळी उलटून पडली. ते आत आले. "पुन्हा घाण केलीस?" म्हणाले आणि तुमच्या तोंडावर फटकन मारलं. मरायला टेकलेल्या बाईच्या तोंडावर! ओठ फुटून पेजेत रक्त मिसळलं. मी उठले आणि त्यांच्या कानाखाली अशी वाजवली की चष्मा उडाला आणि ते भिंतीवर आदळून खाली बसले. रोज शंभर भाकऱ्या थापणारा हात आहे माझा, बाई. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात, मी लाजणार नाही.

"कोणाला लागलं?" तुम्ही विचारलंत.

"त्यांना. मी मारलं."

मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, हात मागे. तुम्ही जिभेनं ओठावरचं रक्त चाटलंत आणि म्हणालात, "अजून एक."

मी वळले तेवढ्यात तुम्ही पुन्हा म्हणालात, "थांब. तू नको. तो फटका माझा आहे. माझा हात उचल."

तुमच्या हातात काडीचं बळ नव्हतं. मी तो मनगटाजवळ धरला आणि उचलला, खांद्याच्या वर, फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत जावा इतका. तुमचा जबडा आवळला गेला. "जोरात," तुम्ही म्हणालात. मी जोरात आणला. आवाज झाला. तुम्ही धापा टाकत तळहात गालावरच ठेवून दिलात. "दाढी केलीय आज त्यांनी," म्हणालात. मी म्हटलं, "हो, सकाळीच."

"लागलं का?"

"लागलं, बाई."

तुम्ही हसलात. त्याच आठवड्यात गेलात, आणि लोकांना तुमचा चेहरा इतका शांत दिसला की बायका म्हणाल्या, नवऱ्याच्या सेवेचं पुण्य.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? पिठाच्या डब्याखाली राहील. पण ते काल गेले म्हणजे त्या दुपारी कोण कुठं होतं हे माहीत असलेलं आता माझ्याखेरीज कोणी उरलं नाही, म्हणून लिहिते. मी तुमचा हात उचलला तेव्हा ते खोलीत नव्हतेच. चष्मा चाचपून उचलला आणि मागच्या दारानं मुकाट्यानं निघून गेले होते. तुम्हाला दिसलं नाही, आणि तुमचा हात तर माझ्या हातात वर आला होता. तो रिकामा खाली कसा ठेवू? जन्मात एकाही पोराला न मारलेल्या बाई तुम्ही, तो गाल माझा होता. बहिऱ्या कानाच्या बाजूचा. आणि लागलं म्हटलं ते खोटं नव्हतं, बाई. चांगलं लागलं.