जाळी न लावल्याबद्दल

४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझी सात पिल्लं खोक्यासकट पोचली. सोबत दोन पानं सूचनाही पोचल्या. चार पिल्लं तीन महिन्यांची, तीन जेमतेम पाच आठवड्यांची, मध्ये जाळी लाव, तीन आठवडे नुसतं एकमेकांना बघू दे, वगैरे वगैरे. अगं, कोंबड्या आहेत त्या, त्यांचं लग्न जमवायचं नाहीये! मी पहिल्याच सकाळी सगळी पिल्लं माझ्या नऊ कोंबड्यांत सोडली. थोडी टोचाटोची झाली. होणारच. थोरलं कोण, धाकटं कोण हे एकदा कळलं की घर नीट चालतं.

तुझ्या मुलीचं इथल्या शाळेत नाव घातलं. दोन वर्षं तू खुशाल परगावी नोकरी कर. माझ्या दोघी भवान्यांच्या खोलीत तिची गादी टाकू. एक तेराची, एक पंधराची, ही आठची, रुळेल आठवड्याभरात. तुझी वहिनी म्हणत होती, तिला वेगळी खोली देऊ या. मी म्हटलं, लाड नकोत.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा दादा

११ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. वॉर्डातून घरी आले, तुझं पत्र वाचलं आणि बूटही न काढता लिहायला बसले. जाळी आजच लाव. लहानांना आत शिरता येईल आणि मोठ्यांना येणार नाही, एवढंच भोक ठेव. खाण्याची भांडी दोन हवीत, लांब लांब. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना असतो, तो लहानांना सोसत नाही. सगळ्यांनाच पिल्लांचं खाद्य घाल आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेव. कुणाला रक्त आलं तर लगेच बाजूला काढ. रक्त दिसलं की बाकीच्या तुटून पडतात.

तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे माहीत आहे. तरी सांगते. खोलीबद्दलही वहिनीचं ऐक.

लोभ असावा, आणि जरा लक्षही.

तुझी धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. सगळ्यांत लहान पिल्लू मंगळवारी गेलं. पाठीवर जखम होती. जे टिकायचं ते टिकतं, मला शिकवू नकोस. जाळी लावलेली नाही, लावणारही नाही. उरलेल्या सहांतलं तपकिरी फार गुणी निघालं. दिवसभर शिडीखाली बसून असतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, खायलासुद्धा पुढे येत नाही. तुझी मुलगी अशी निघाली तर बरं.

आईनेही आपल्याला आपापसांतच सोडलं होतं. मी तुला चार धपाटे घातले असतील. वाढलीसच ना? उलट त्यानेच इतकी चिवट झालीस. मुलीला कधी पाठवतेस ते कळव. दोघींना सांगून ठेवलं आहे, तिला पाहुणी समजू नका.

दादा

२३ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. ते तपकिरी पिल्लू गुणी नाही, उपाशी आहे. मोठ्या त्याला भांड्याजवळ येऊ देत नाहीत. पत्र हातात पडताच त्याच्यापुढे दाणे आणि पाणी ठेव. नाहीतर वहिनीला ठेवू दे.

तू विषय काढलास म्हणून सांगते. आठ वर्षांची असताना मी जिन्यात बसून जेवायचे. हिला जिना आवडतो, असं आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची. तुझ्याशेजारी बसले की तू माझ्या ताटातलं उचलायचास आणि मी तोंड उघडलं तर खालून लाथ घालायचास. एकदा नाही, रोज. त्याला तू चार धपाटे म्हणतोस. तू खोटं बोलत नाहीस, तुला खरंच आठवत नाही, याचीच मला भीती वाटते.

परगावची जागा मी काल नाकारली. मोठ्या सिस्टरांनी दोनदा विचारलं, नीट विचार केलास का, अशी संधी परत येत नाही. मी हो म्हटलं आणि मग चादरींच्या खोलीत जाऊन रडले. पाच वर्षं वाट पाहिली होती मी या जागेची. तुझा इतका राग आला, की तू समोर नव्हतास तेच बरं.

मुलगी येणार नाही. शाळेतलं नाव काढ. रविवारी मी खोकं घेऊन येते. माझी सहा पिल्लं बाजूला काढून ठेव. पाच उरली असतील तर पाच. फाटकातूनच नेईन. चहा टाकू नका.

वहिनीला नमस्कार. लोभ असावा, पण लांबूनच.

तुझी धाकटी