सूपवालीने ऐकलेलं ‘बरं’

प्रिय चिमे,

आज दुपारी तुझी आई “मीठ कमी आहे” असं म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी लगेच खाली येऊन तिला डोळे मिटायला लावले, जिभेवर एकेक थेंब ठेवून परीक्षा घेतली आणि निकाल सांगितला: खारट कळतंय, आंबट कळतंय, गोड अजून नाही. बातमी आधी आणि ती कोणी पक्की केली ते लगेच पाठोपाठ, ही माझी वर्तमानपत्रातली खोड तुला माहीत आहे. बाकीचं आता सावकाश सांगतो. फोनच केला असता, पण हल्ली माझं “हॅलो” संपायच्या आत तुझी मीटिंग सुरू होते.

तू म्हणशील, यात बातमी कसली? ती तर जन्मभर हेच म्हणत आली. म्हणून आधी तुझ्यापासून लपवलेली गोष्ट सांगतो. घर बदलायच्या काही महिने आधी तिला ताप आला होता ना, तो उतरला, पण जाताना तिची चव घेऊन गेला. वाससुद्धा. चहा म्हणजे गरम पाणी आणि भात म्हणजे ओला कापूस. जिने एवढ्या ऑफिसांना डबे पुरवले, जी नुसत्या वाफेवरून डाळीला अजून एक उकळी हवी असं सांगायची, तिच्या तोंडात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. डबे का बंद केलेस, असं तू विचारलंस तेव्हा तिने गुडघ्यांवर ढकललं. गुडघे ठणठणीत आहेत. चवीचं कोणाला सांगायचं नाही, तुला तर नाहीच, अशी मला सक्त ताकीद होती. “हात मोडलेल्या शिंप्याने दुकान उघडं ठेवू नये आणि गावभर सांगतही फिरू नये,” म्हणाली. डबे थांबले, जुन्या घराचं भाडं झेपेना, आणि आम्ही इकडे आलो. मोठी पातेली खोक्यात बांधून आली ती बांधलेलीच राहिली.

डॉक्टरांनी हात वर केले नाहीत, पण हमीही दिली नाही. रोज काहीतरी वेगळं तोंडाला लावत राहा, जीभ जागी झाली तर झाली, एवढंच म्हणाले. मला घोर होता तो वेगळाच. ती खायचीच बंद झाली होती. चव नाही तर चावायचं कशाला, असा तिचा हिशेब. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा मी पिशवी उचलली आणि गल्लीत उतरलो.

ही वस्ती तू नीट पाहिलीच नाहीस. भाडं परवडतं म्हणून चारी दिशांची माणसं इथे येऊन टेकली आहेत. दुकानांच्या पाट्या इतक्या लिप्यांमध्ये आहेत की मी त्या नाकाने वाचतो. जिन्याखालीच पाववाल्याची भट्टी. तो आपल्याशी एक शब्द बोलत नाही, पण पाव दाबून पाहिलेला त्याला खपत नाही, लगेच बोटावर फडकं मारतो. त्याच्या पलीकडे एक बाई मिक्सर दुरुस्त करते आणि त्याच टेबलावर लोणची विकते. दुरुस्त केलेला मिक्सर चालतो का हे ती कैरी वाटूनच बघत असणार, असा माझा संशय आहे. न्हाव्याच्या आरशाखाली वस्तऱ्यांच्या शेजारी मसाल्याच्या बरण्या आहेत. मसाले बायको कुटते, हा विकतो. दाढी करताना मला शिंक आली तर तो वस्तरा वर धरून शांतपणे म्हणतो, “शिंका, शिंका, कान तुमचाच आहे.” मी रोज यांच्यापैकी कोणाकडून तरी चमचाभर, तुकडाभर काहीतरी आणायचो. धुरावलेला मासा, आंबवलेला कोबी, तिळाची वडी, डोळ्यांतून पाणी काढणारी चटणी. चवीचं गुपित राखलं, पण डबे करणारी बायको आजारी आहे, जेवत नाही, एवढं सगळ्यांना सांगून बसलो होतो. तुझी आई एक घास घ्यायची, ताटली सरकवायची आणि म्हणायची, “बरं आहे.”

आपल्या घरात ‘बरं आहे’ म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. जमलेल्या पदार्थाला ती कधी छान म्हणाली नाही, फक्त दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. ‘बरं आहे’ म्हणजे नापास. पण इतके दिवस ते नापासही नव्हतं. कोऱ्या पेपरावर मारलेला शिक्का होता नुसता.

आता सूपवाली. गल्लीच्या तोंडाशी एक खोली, एक शेगडी, तिच्यावर दिवसभर उकळणारा हंडा आणि त्यामागे ही बाई, हसली की भांडी वाजतात अशी. मला काका म्हणते, स्वतः माझ्याहून थोरली असेल. तिचं मराठी सगळं इस्पितळात शिकलेलं. नवरा आजारी होता तेव्हा वॉर्डात जे कानावर पडलं तेवढीच तिची शिदोरी. त्यामुळे सूप हातात देताना ती बजावते, “हलवून घ्या, जेवणाआधी.” तिखट मागितलं तर म्हणते, “घाबरायचं नाही, मुंगी चावेल फक्त.” दुकान बंद करताना ओरडते, “भेटायची वेळ संपली!” तर परवा तिने मला विचारलं, “काका, कसं?” मला वाटलं, आदल्या दिवशी घरी नेलेलं सूप कसं होतं असं विचारतेय. मी तुझ्या आईचा शेरा जसाच्या तसा पोचवला. बरं आहे, म्हटलं. तिच्या हातातली पळी हंड्यात पडली. “बरं? बरं झालं?” मी भिडेखातर मान डोलावली.

वॉर्डात ‘बरं’चा अर्थ एकच असतो गं. रोज डॉक्टर विचारायचे, बरं वाटतंय का? मग एक दिवस म्हणाले, बरे झाले, घरी न्या. सूपवालीच्या लेखी हा भाषेतला सगळ्यात मोठा शब्द. तिने तिथूनच आपल्या बोलीत पाववाल्याला हाक घातली. पाववाल्याने आपल्या बोलीत मिक्सरवालीला सांगितलं. न्हाव्यापर्यंत पोचेस्तोवर तुझी आई नुसती बरी झाली नव्हती, तर डबेही पुन्हा सुरू करणार होती. संध्याकाळी तो मला म्हणाला, “काका, माझं नाव पहिलं लिहा, बायको मसाले कुटून दमते, घरी स्वयंपाकाची बोंब आहे.” मी हो-हो करून सटकलो. म्हटलं, विसरतील.

विसरले नाहीत. आज दुपारी चौघे दारात. सूपवाली हंड्यातलं बरणीत भरून, पाववाला गरम पाव फडक्यात घेऊन, मिक्सरवाली, न्हावी. तुझी आई विटक्या गाऊनमध्ये, केस मोकळे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पंखा पुसायला लागलो. पण दारात आलेल्याला पाणी न देता परत पाठवणं तिच्या रक्तातच नाही. बसायला खुर्च्या नाहीत, म्हणून मंडळी खोक्यांवर टेकली. सूपवाली ज्या खोक्यावर बसली त्यातून असा काही आवाज आला की तुझी आई किंचाळली, “अहो उठा, माझी पातेली आहेत त्यात!” सूपवालीने उठून खोकं उघडलं, सगळ्यात मोठं पातेलं काढलं, बोटाने वाजवून पाहिलं आणि तुझ्या आईच्या हातात ठेवलं. “बरं झालं ना? आता करा.”

मी तिला वाचवायला पुढे झालो, खोटं का होईना काहीतरी सांगायला. तिने मला डोळ्यानेच अडवलं. चार माणसं उपाशी पोटी आशेने बसलेली, त्यांना तिला काय सांगता येणार होतं? तिने केस बांधले आणि डाळ-तांदूळ चढवले. चिमे, फोडणी तडतडली तेव्हा ती कानाने अंदाज घेत होती, नाकाने नाही. मीठ टाकलं, पळी फिरवली आणि जन्माची सवय म्हणून थेंबभर डाळ तळहातावर घेऊन चाटली. मग थांबली. पुन्हा घेतली. भिंतीकडे बघत ते तीन शब्द म्हणाली, “मीठ कमी आहे,” आणि पातेल्यांच्या खोक्यावर जाऊन बसली. कोणाला काही कळेना. पाववाल्याला वाटलं आपल्यामुळे झालं, तो पाव मागे लपवायला लागला. मी जिन्यात जाऊन नर्सबाईंना हाका मारल्या. माझा आवाज इतका फुटला होता की त्या ब्लडप्रेशरचं मशीन घेऊनच धावल्या.

मंडळी जेवली. न्हावी दोनदा मागून घेऊन गेला. तुझी आईही जेवली, ताट पुसून.

ते गेल्यावर तिने मला समोर बसवलं आणि तुला सगळं कळवायला सांगितलं. स्वतः लिहायला बसली होती, पण ‘प्रिय’च्या पुढे जाईना. तर ऐक. आम्ही इथे आल्यावर तू रजा काढून आली होतीस आणि सगळी सकाळ ओट्याशी उभी राहून बटाट्याचा रस्सा केला होतास. ताट पुढे ठेवताना तू विचारलंस, आई, नोकरी सोडून तुझे डबे मी चालवू का? तिने घास घेतला आणि म्हणाली, “बरं आहे.” तू हसलीस, भांडी घासलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडलीस. तेव्हापासून तुझ्या मीटिंगा चालू आहेत. चिमे, तिला त्या रश्शातलं काहीच कळलं नव्हतं. तू विचारलेलं मात्र सगळं कळलं होतं. खोटी वाहवा करून तुला नोकरी सोडायला लावणं तिला जमलं नाही, आणि खरं सांगायचं धैर्य झालं नाही. त्या रात्री तुझा उरलेला रस्सा तिने थंडच संपवला, जीभ कुठे काही बोलते का बघत. पुढच्या रविवारी ये आणि तोच रस्सा पुन्हा कर. ती शेजारी उभी राहून चाखेल आणि जे असेल ते तोंडावर सांगेल, तेवढी मनाची तयारी ठेव. सूपवाली रविवारी शेगडी मोकळी ठेवणार आहे आणि न्हाव्याने परस्पर लोकांची नावं घ्यायला सुरुवात केली आहे. गोड कधी कळेल, हे नर्सबाईंनाही सांगता येत नाही. पण तू आली नाहीस तर सोमवारच्या पहिल्या गाडीने तुझी आई तुझ्याकडे निघणार, हे पक्कं आहे. पिशवी आताच दाराशी काढून ठेवली आहे, आणि बटाटे तिथे चांगले मिळतात का, असं मला दोनदा विचारून झालं आहे.

तुझाच,
बाबा