साक्षीच्या वेळी विचारलेला प्रश्न

म्हसावद, रविवार, सायंकाळ

प्रभूची कृपा या लेखणीवर असो. मन आज फार वैतागले आहे.

चर्चमधल्या उपासनेत साक्षीची वेळ झाली आणि गंगूबाई उठल्या. गेल्याच महिन्यात त्यांची तरुण लेक तापाने गेली; तिच्यासाठी त्यांनी कितीतरी उपास केले होते. साक्षीत देवाचे आभार मानायचे, ही आमची रीत. त्यांनी मात्र वर पाहून विचारले, "देवा, मी इतला उपास कयात, तवय तू कोठे व्हता?"

आणि मी, मंडळीतला सर्वांत वडील, घाबरून ढोलकीवाल्याला गीत सुरू करायची खूण केली! गीत संपेपर्यंत त्या डोळे मिटून उभ्याच होत्या.

बाहेर आमच्या मंडळीचा पंच धर्मा तावातावाने म्हणाला, "बाबा, हाई काय ग्रामपंचायतनी सभा शे का? तिनी माफी मांगाले पाहिजे, नहीतं प्रभुभोजन नको!"

"तू बायकोशी भांडतोस ना?" मी विचारले.

"रोज!"

"मग तिने तुझे जेवण बंद केले का?"

पण त्याला शिकवणारा मी तरी कुठला शहाणा? आयुष्यभर शास्त्र वाचले. त्यातल्या भक्तांनी देवाला जाब विचारला, तरी देवाने त्यांना हाकलले नाही. गंगूबाईंचा प्रश्न देवाला सोसला असता. सोसला नाही तो मला. आणि त्या तशाच उभ्या! श्रद्धा संपलेले माणूस विचारील तरी कोणाला?

येत्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मीच त्यांच्या हाती देईन. त्याआधी सर्वांसमोर माफी मागेन, मी.

हे पान वाचणाऱ्या प्रत्येकाला देव मोकळे बोलण्याचे धैर्य देवो, आणि ऐकून घेण्याचेही.