झोळीतली पोटगी

॥ श्री ॥
नांदेड, १२ एप्रिल १९८६

चि. शिवकांता हिस उमाक्काचे अनेक आशीर्वाद.

इथं गोदावरीत नुसती वाळू दिसते. तुमच्या लातूरला तर नळ आठवड्यानं येतो म्हणे.

काल तुझे दीर सिद्रामप्पा आले होते. तुझ्या नवऱ्याचं, मलप्पांचं तेलाचं दुकान बुडालं, तेव्हा त्यांनी नव्या जिल्हा कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळं निघाल्याचा अर्ज केला होता, त्याचा निकाल आता लागायचाय. निकाल लागला की गंजबाजारातल्या व्यापाऱ्यांच्या पैशांसारखी तुझी पोटगीही बुडाली म्हणे. वर म्हणाले, शहाणी असंल तर आधीच सोडून दे म्हणा, चार माणसांत शोभा कशाला?

बाई, सोडून दे. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर तुला गुडघ्यांवर बसवायच्या, तरी तुझ्या तोंडून सॉरी निघायचं नाही. तुझ्यासाठी मीच रडायचे. आता या वयात पुन्हा रडवू नकोस, माझ्याकडं राहायला ये. लोभ आहेच, तो करून घ्यायला तू इथं हवीस.

तुझी उमाक्का

॥ श्री ॥
लातूर, ३ मे १९८६

ती. उमाक्कास शिवकांताचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, सोडली नाही. दुसरी बाई आणून ज्यांनी मला घराबाहेर काढलं, त्यांना मीच माफी देऊ? जजसाहेबांनी निकाल दिला: मलप्पा बाकीच्या देण्यांतून सुटले, पण बायकोच्या पोटगीतून नादारही सुटत नाही.

कोर्टाबाहेर मलप्पा आपल्या मठाच्या जंगम स्वामींना घेऊन उभे! सगळ्या गंजवाल्यांसमोर स्वामींनी माझ्यापुढं झोळी धरली, पोटगीच भिक्षा म्हणून घाल म्हणाले. जंगमाची झोळी रिकामी कशी पाठवायची? मी पाया पडले आणि म्हणाले, स्वामी, हातात आलेलंच वाढता येतं. माझं अजून यांच्या खिशात आहे, आधी तिथं झोळी धरा.

स्वामी हसले आणि खरंच तिकडं वळले. अख्ख्या गंजासमोर जंगमाला नाही कसं म्हणायचं? अब्रूपायी मलप्पांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. एक घेणेकरी व्यापारी ओरडला, आरं नादारा, हे कुठून आलं? स्वामींनी नोटा माझ्या पदरात टाकल्या. त्यांतली एक मी झोळीत घातली, बाकीच्या पोटगीत धरल्या आणि पुढच्या महिन्याची मोठ्यानं मागून आले.

रागावलीस तरी माया असू दे.

तुझी शिवकांता

॥ श्री ॥
नांदेड, ९ मे १९८६

चि. शिवकांता हिस अ. आ.

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हे म्हणाले, आता लातूरला जाऊ नकोस, शिकून येशील.

सोमवारच्या एसटीनं निघते. बाकी लोभ समोरासमोर.

तुझी उमाक्का