करंगळीशिवाय

हॅम्बुर्ग

दिपकदादा, जयभीम.

मी बरी आहे, आईला तेवढंच सांग. ती अजून विड्या वळते का? खोकला कसाय तिचा?

दुपारभर हॉटेलात हार्प वाजवते. लोक चहा पितात, ऐकत कुणीच नाही. ते धूड गाडीत घालून घरी आणेपर्यंत लई दमते, मग स्वतःचं काही रचायला जीवच उरत नाही.

हार्पला दोन्ही हातांची चार-चारच बोटं लागतात. करंगळी नुसती बसून असते. तुझी यंत्रमागात गेली आणि तू पेटी वाजवायची बंद केलीस, ते मला रोज आठवतं.

कशीबशी एक रचना पुरी केलीय, हार्प आणि पेटीची. पेटीला त्यात करंगळी कुठंच लागत नाही.

भाता तेवढा नीट करून घे की.

तुझी,
संघप्रिया