कांदा चिरायचा मास्क

गुरुवार, संध्याकाळ

ऑफिसमधून आले, तर सासूबाई माझा डायव्हिंगचा मास्क चढवून कांदा चिरत होत्या. माझा मास्क! म्हणाल्या, "पडूनच होता की. डोळ्यांना अजिबात झोंबत नाही."

पडून का होता, ते विचारलंय कुणी? ईरा झाल्यापासून चार वर्षं मी समुद्रात उतरलेले नाही. अमित मात्र ती तीन महिन्यांची असताना मालवणला डायव्हिंग करून आला. केवढं कौतुक झालं फोटोंचं! आणि मी पुढच्या महिन्यात दोन दिवस जाते म्हटलं तर म्हणतो, "अगं, आता आई आहेस तू. काही झालं तर?" आणि तू कोण होतास रे तेव्हा, शेजारचे काका?

पण खरा राग त्याचाही नाही. ईरा म्हणाली, "आजी, काढ तो. आईला पाण्यात लागेल." आणि मी, मीच म्हणाले, "असू दे गं, आईला कुठे जायचंय."

का म्हणाले असं?

आत्ता मास्क दोनदा धुतला. पट्ट्याचा वास जात नाही. राहू दे. काचेवर वाफ धरू नये म्हणून बोटीवर सगळे थुंकतात, तशी काचेवर थुंकले, पुसली आणि मास्क बॅगेत टाकला.

कांद्याच्या वासासकट जाईन.